प्रतापगडची भेट : पोवाडा, बोलपट आणि खेळ

हल्लींच्या मुलांना पराक्रमी वीर तीन ठिकाणीं भेटतो : चित्रकथेंत, बोलपटांत आणि संगणकावरील खेळांत. वीर तोच, पण दर ठिकाणीं त्याचा स्वभाव पालटतो. सातारा-सांगलीकडे हा पालट जुनाच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज व अफझलखान यांची भेट झाली. तिचा पोवाडा अज्ञानदासानें गायिला. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें आणि कथेंतला वीर रंगभूमीवर चालूंबोलूं लागला. २०२२ सालीं प्रतापगडच्या त्याच भेटीवर ‘शेर शिवराज’ हा बोलपट निघाला.

आतां मूळ प्रसंग पाहा. खान वाईस तळ देऊन होता. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा पंताजी गोपीनाथ. दोघांच्या खेपा, आपण भ्यालों असें भासविणें, खानास रडतोंडीच्या घाटानें जावळींत उतरविणें. माझ्या मतें लढाई येथेंच जिंकली गेली. चित्रकथा हें चार चौकटींत उरकते. बोलपटाचा सारा जीव आलिंगनाच्या क्षणांत. आणि बोटाखालीं कळ असलेल्या खेळाडूस तर थांबणें म्हणजे हरणेंच वाटावयाचें!

पण दिवाळींतला मातीचा किल्ला हाही खेळच कीं. तेथें वाघनखें नसतात. वाट कोठें वळवावी, मावळा कोणत्या झाडाआड बसवावा, हाच प्रश्न. एकदां अशाच एका प्रतापगडापाशीं मुलांत वाद माजला : खानाची पालखी कोणीकडून आणावी? किल्ल्यावर पेरलेले हळीव उगवून वर आले, तरी तो मिटला नव्हता.