सवय नव्हे, बहिरेपण

पुण्याच्या तांबट आळीतून जाताना हातोड्यांचा ठणठणाट आम्हाला पाच मिनिटांत नकोसा होतो. तिथे बसणाऱ्याला त्यातच आयुष्य काढायचे असते. “त्यांना सवय असते हो,” असे म्हणून आपण पुढे सरकतो. ही सवय म्हणजे नेमके काय, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० साली निघाला व १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती झाली. व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबे ठोकतात, त्यांचे कान आधी जड होतात आणि म्हातारपणी ते पार बहिरे होतात, असे त्याने लिहून ठेवले. कारण ठाऊक झाले. निकड मात्र फारशी कोणाला वाटली नाही.

पुढे लोखंडाचे युग आले. बॉयलरच्या पोटात एक कामगार रिव्हेट धरून बसे आणि बाहेरून त्यावर घणाचे घाव पडत. ग्लासगोचे कानांचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ साली असे १०० कामगार तपासले. तुलनेसाठी १०० ओतारी व १०० पोस्टमन घेतले. साधन काय, तर खिशातल्या घड्याळाची टिकटिक! बॉयलरवाल्यांत धड कानांचा एकही निघाला नाही. जाहीर सभेतले भाषण ऐकू येते का, असेही त्यांनी विचारले; १०० पैकी ७५ जणांना ते कष्टाने ऐकू येई किंवा मुळीच येत नसे. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी हा आकडा जरा मनात घोळवावा. मजुरीबरोबर या माणसांचा सभेतला, चर्चेतला वाटाही कापला जात होता. ब्रिटनमध्ये अशा बहिरेपणाची भरपाई सुरू झाली ती १९७० च्या दशकात.

आज आपल्याला माहीत आहे, की अंतर्कर्णातील केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सवय झाली असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा ऐकणेच कमी झालेले असते.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. कागद चोख आहे. ग्लासगोचा कामगार निदान पोटासाठी त्या बॉयलरात शिरत होता. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे रात्रभर नाचलेल्या आमच्या आळीतल्या पोरांना आम्ही सकाळी हाक मारली, ती दोनदा मारावी लागली. कानांना दडे बसलेत, म्हणाले, आणि हसले.