उड्डाणापूर्वीची खंडेनवमी

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि हात जोडतो. या पूजेचे पुण्य किती, ते जाणत्यांनी सांगावे. परंतु वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार हातात घेऊन निरखले जाते, हा तिचा रोकडा लाभ मला फार मोलाचा वाटतो. रेडिओवर उडणाऱ्या चिमुकल्या हेलिकॉप्टरच्या धन्याला मात्र ही खंडेनवमी दर उड्डाणापूर्वी पाळावी लागते.

या छंदाचा इतिहास फार जुना नव्हे. विमानांच्या प्रतिकृती रेडिओच्या हुकमतीत आल्या, तरी हेलिकॉप्टर कित्येक वर्षे कोणाला दाद देईना. डीटर श्ल्यूटर या जर्मन अभियंत्याने ते कोडे सोडवले. १९७० साली त्याची प्रतिकृती सुमारे २८ मिनिटे हवेत राहिली. उडवण्याची विद्या साधली, तशी राखण्याचीही शिकावी लागली. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे फिरती पातीच. त्यांचा कल बदलणारा एक बारीक दांडा निखळला, की सारा खेळ खलास. शिवाय अखंड थरथरीने स्क्रू सैल होतात. दीड मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला २००० फेरे घेऊ लागले, की पात्याचे टोक ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. अशा पात्याच्या घावाने माणसे दगावली आहेत. म्हणून पात्याला चीर आहे का, बेअरिंग खरखरते का, बॅटरी फुगली आहे का, हे पाहायचे. आणि पात्यांचा कल बदलणाऱ्या छोट्या मोटारी, म्हणजे सर्व्हो, जमिनीवरच हलवून बघायच्या.

कोणी म्हणेल, खेळण्यापायी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर मंगळावर आहे.

१९ एप्रिल २०२१ रोजी ‘इन्जेन्युइटी’ हे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर तेथे उडाले. कारागीर कोट्यवधी किलोमीटर दूर! तरीही उड्डाणापूर्वी त्याचे सहा सर्व्हो हलवून पाहण्याचा परिपाठ होता. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला दोन सर्व्होंची चाल डळमळीत दिसली, तेव्हा त्या यंत्राने आपले उड्डाण आपणच रद्द केले. जानेवारी २०२२ मध्ये धुळीच्या वादळानंतर सर्व्होंना अधिक जोर लागू लागला. फडके मारायला कोण जाणार? अभियंत्यांनी पृथ्वीवरून हुकूम धाडून ते सांधे पुनःपुन्हा हलवले, धूळ झटकली गेली, आणि ८ फेब्रुवारीला स्वारी पुन्हा हवेत!

१८ जानेवारी २०२४ रोजी मात्र एकसारख्या वाळूवर कॅमेऱ्याला खूण सापडेना. उतरताना पाती मोडली. स्क्रू सैल नव्हता, सर्व्हो रुसला नव्हता. तपासणी काही अमरपट्टा देत नाही. पण ठरलेल्या ५ उड्डाणांची ७२ झाली, त्यात तिचा वाटा आहे. आणि मला वाटते, एवढे पुष्कळ झाले.