परवानगीला मुदत कुठून आली?

द्राक्षबागेत फवारणी करणारा नाशिकचा बागायतदार बाटलीवरची मुदत बघून घेतो. बाटलीतल्या रसायनाच्या परवानगीलाही मुदत असावी, ही कल्पना मात्र आपल्या कायद्यात रुजलेली नाही. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या धक्क्यातून 1968चा कीटकनाशक कायदा आला, आणि त्याने औषध बाजारात शिरते त्या दारावर पहारा बसवला. कलम 9(3)खाली एकदा नोंदणी झाली की तिला शेवट नाही. पुढे औषध घातक वाटले तर ते सरकारने सिद्ध करून बंद करायचे. युरोपने 1991च्या निर्देशात याच्या उलट रीत घातली. मान्यता जास्तीत जास्त दहा वर्षांची. पुढे टिकायचे तर कंपनीनेच नवे पुरावे घेऊन पुन्हा दारात यायचे. या रीतीत वय ही सबब चालत नाही. 1885मध्ये फ्रान्सात मिलार्दे यांनी द्राक्षावरील डाऊनी रोगावर मोरचूद-चुन्याचा उपाय मांडला, तेच आपले बोर्डो. त्यातल्या तांब्यालाही 2019मध्ये सातच वर्षांची मान्यता मिळाली, तीही हेक्टरी एकूण 28 किलोंच्या मर्यादेत, कारण तांबे जमिनीत साचत राहते.

आपल्याकडे फेरतपासणी होते, पण समिती नेमली तरच. भुरीवरच्या डिनोकॅपचे उदाहरण घ्या. अनुपम वर्मा समिती 2013ची, बंदीचा मसुदा 2020चा आणि अंतिम आदेश 2023चा. मुदत कायद्यातच असती तर प्रश्न आपोआप टेबलावर आला असता.

यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे: अशाने जुनी, स्वस्त औषधे जातील. युरोपात तसे झालेच. 1993पूर्वीच्या सुमारे हजार घटकांपैकी जेमतेम 26 टक्के टिकले. चाचणीत नापास झाले फक्त सत्तरच्या आसपास, बहुतेक गेले ते कोणी पुरेशी कागदपत्रे न दिल्यामुळे. म्हणून पेटंट संपलेल्या उपयुक्त रसायनांचे अभ्यास राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र यांनी सरकारी खर्चाने करावेत. मुदतच नको, हे त्याचे उत्तर नव्हे. युरोपचे हवामान वेगळे, त्यांचे निकष आपल्याला कशाला, असेही विचारले जाते. पण आपले घड्याळ नसल्यामुळेच निर्यातीची द्राक्षे पिकवणाऱ्या निफाड-दिंडोरीत त्यांचे घड्याळ चालते. युरोपात 2020मध्ये मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे नूतनीकरण नाकारले गेले. अशा नकारानंतर अवशेषांची मर्यादा बहुधा किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंत उतरते. मर्यादा ओलांडली की काय होते, हे 2010मध्ये लिहोसिन या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले तेव्हा नाशिकने भोगले आहे. शिवाय निर्यातीच्या घडाला निदान तो पहारा तरी आहे. नाशिकच्या बाजारात आपली मुले खातात त्या घडाला तोही नाही. 1968च्या कायद्याची जागा घेणाऱ्या कायद्यात प्रत्येक नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत लिहा, ही मागणी द्राक्ष बागायतदारांनीच लावून धरावी.