जट : वाढ आणि निगा

जट : विंचरणे थांबल्यावर केस एकमेकांत गुंतून तयार होणारी घट्ट बट किंवा थर, अनेकवचन जटा. मुद्दाम वळून राखलेल्या बटांना शहरी तरुण ड्रेडलॉक्स म्हणतात. जमैकात १९३० च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथामुळे आणि पुढे बॉब मार्ले या गायकामुळे त्या जगभर पोचल्या.

माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. एरवी ते कंगव्यात येतात. जटेत मात्र तिथेच अडकून वाढत्या केसांना बांधून घेतात. सुरुवातीला बट सैल, फुगीर असते, मग आकसून आखूड दिसू लागते. वर्ष-दीड वर्षात ती गच्च होते आणि त्यानंतर कुठे लांबी नजरेत भरते.

मुरलेल्या जटेला कंगवा लागत नाही, पाणी मात्र लागते. ती धुण्यापेक्षा वाळवणे कठीण, कारण गाभ्यात ओल तासन्‌तास राहते. मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या समुद्राला खेटून असलेल्या वस्तीत पावसाळ्यात तर हे कामच होऊन बसते. केसांत सुकलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते; म्हणून खाऱ्या पाण्यात डुंबून आल्यावर जट गोड्या पाण्याने धुवावी, पिळून पंच्याने टिपावी आणि पंख्याखाली मुळापर्यंत वाळवावी. धुणे सकाळीच उरकलेले बरे. ओल्या जटेने झोपले की आत कुबट वास धरतो, बुरशीही लागू शकते. मेण, दाट तेल, कंडिशनर आत साचतात, ते टाळावेत. शेजारच्या बटा मुळाशी जुळू लागल्या तर बोटांनी वेगळ्या कराव्यात. मुळे सारखी पिळून आवळली किंवा जड जटांचा घट्ट अंबाडा रोज घातला, तर कपाळाकडचे केस विरळ होतात.

महाराष्ट्रात मात्र जट बहुधा हौसेने राखलेली नसते. ती सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचे बोलावणे समजून बाईला जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली स्त्री, केले जाई; राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) चित्रपटातील सुलीचे दुर्दैव जटेनेच ओढवते. अशा जटेला हळद-कुंकू वाहतात, भंडारा लावतात. पण कात्री लावली तर देवी कोपेल, या धाकाने उवा, खाज, जखमा आणि मानेचे दुखणे वर्षानुवर्षे सोसले जाते. पूजा भरपूर आणि निगा शून्य, असा हा उफराटा कारभार.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बाईची आणि घरच्यांची समजूत घालून जट कापून देतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो महिलांच्या जटा काढल्या आहेत. कोवळी जट तेल लावून बोटांनी उकलते. जुनी, चटईसारखी झालेली जट उकलायच्या फंदात पडू नये. कातडीला कात्री लागू नये म्हणून मध्ये बोट धरून, मुळापासून थोडे अंतर राखून कापावी. खाली जखम किंवा पू दिसल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.