‘असाध्य’ या शब्दाचा इतिहास



झाडावरून पडलेला, खड्ड्यांत कोसळलेला अथवा मोटारसायकलीवरून रस्त्यावर आपटलेला मनुष्य निपचित पडला असतां पाहणारांच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं हा वांचेल काय? हा प्रश्न फार जुना आहे. वैद्यांनीं त्याचें उत्तर कसकसें दिलें व ‘असाध्य’ या शब्दाचा प्रदेश कसा आक्रसत गेला, तें आज थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

इ. स. १८६२ मध्यें एड्विन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें इजिप्तांतील लक्सर येथें पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडितानें तिचें भाषांतर १९३० सालीं प्रसिद्ध केलें. हा शस्त्रवैद्यकाचा ग्रंथ आहे. ही प्रत सुमारें इ. स. पूर्व १६०० ची; मूळ रचना, तिच्यांतील जुन्या शब्दांवरून पाहतां, त्याहूनहि कित्येक शतकें आधींची. तींत ४८ रुग्णांची हकीकत आहे. आरंभ मस्तकापासून होतो. मग उतरत उतरत लेखक पाठीच्या कण्याशीं येतो आणि तेथें, वाक्य अर्धेंच सोडून, लेखणी थांबते.

प्रत्येक रुग्णाची आधीं तपासणी, मग निर्णय. निर्णय तीनच : या दुखण्यावर उपचार करावा, याच्याशीं झगडून पाहावें, अथवा यावर उपचार करूं नये. आपल्याकडील साध्य, कष्टसाध्य व असाध्य या भेदांची येथें सहज आठवण होते. एकतिसावा रुग्ण मानेचा मणका निखळलेला. त्याला आपल्या हातापायांची जाणीव नाहीं; मूत्र नकळत गळतें. दुखापत मानेला, पण लुळे पडले हातपाय, हा संबंध त्या अनामिक वैद्यानें ओळखला होता. निर्णय मात्र तिसरा. हा निर्दयपणा म्हणतां येणार नाहीं. जें आपल्या हातीं नाहीं त्याचें खोटें आश्वासन त्यानें दिलें नाहीं, इतकेंच.

आपल्या सुश्रुतसंहितेंत १०७ मर्में सांगितलीं असून त्यांची वाटणी आघाताच्या परिणामावरून केली आहे : तत्काळ प्राण घेणारीं १९, कालांतरानें घेणारीं ३३, रुतलेलें शल्य उपटतांच प्राण घेणारीं ३, व्यंग आणणारीं ४४ व वेदना देणारीं ८. शल्य उपटतांच प्राण घेणारीं तिन्ही मर्में मस्तकावरचींच आहेत. इजा होतांक्षणीं जें दिसतें तेवढ्यावरून रुग्णाचें भवितव्य सांगतां येत नाहीं, ही जाण या वर्गीकरणांत स्पष्ट दिसते.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत, मस्तकाच्या एका बाजूस जखम झाली असतां आंचके शरीराच्या दुसऱ्या बाजूस येतात, अशी नोंद आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन यानें जनावरांचा मज्जारज्जु निरनिराळ्या ठिकाणीं छेदून दाखविलें कीं छेद जितका वर, तितका लुळेपणा अधिक. तरीहि पुढें दीर्घ काळ शस्त्रवैद्यांची नजर बहुधा कवटीच्या भेगेवरच खिळून राहिली. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७६० सालच्या व त्यानंतरच्या आपल्या ग्रंथांतून ती आंत वळविली. भय हाड मोडल्याचें नाहीं, आंतील मेंदूस पोंचलेल्या इजेचें व त्यावर येणाऱ्या दाबाचें आहे, हा त्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ.

या विचारानें एका जुन्या गूढाचा उलगडा होतो. मनुष्य पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, कदाचित् घरीं चालतहि जातो; आणि कांहीं तासांनीं पुनः बेशुद्ध होऊन दगावतो. आनशिलाच्या पातळ हाडाआडची रक्तवाहिनी फुटून रक्त कवटीच्या आंत सांचत असतें. कवटी ताणत नाहीं. म्हणून मेंदूच दबत जातो. वाढती डोकेदुखी, वारंवार वांति, सुस्ती, बोलण्यांत असंबद्धता, एका डोळ्याची बाहुली मोठी होणें, हीं त्या दाबाचीं चिन्हें. मधल्या अवकाशांत रोगी ओळखला गेला व रक्त काढून टाकतां आलें, तर तो पूर्ण बराहि होऊं शकतो.

१९३५ च्या मे महिन्यांत अरबस्तानच्या युद्धानें प्रसिद्धि पावलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलीच्या अपघातानंतर सहा दिवस बेशुद्ध राहून वारले. त्यांच्या शुश्रूषेंत असलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांनीं पुढें असल्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाची महती पटविणारा निबंध लिहिला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील मोटारसायकलस्वार निरोप्यांस शिरस्त्राण सक्तीचें झालें.

१ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रानें प्रथमच जिवंत रुग्णाच्या मेंदूचें चित्र टिपलें. परंतु यंत्रापर्यंत पोंचण्याआधीं ओळखणें माणसाच्याच हातीं राहतें. एक वैद्य ज्याला गुंगी म्हणे त्याला दुसरा बेशुद्धि म्हणे. मग रोगी सुधारतो कीं ढासळतो, हें कळावें कसें? १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनीं तीन साधे प्रश्न ठरविले : डोळे कशानें उघडतात, बोलतो कसा, अवयव हलवितो कसे. यांस अनुक्रमें ४, ५ व ६ पर्यंत गुण. बेरीज कमींत कमी ३ आणि जास्तींत जास्त १५. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. एकाच आंकड्यापेक्षां दर थोड्या वेळानें घेतलेल्या आंकड्यांची उतरण अधिक बोलकी असते.

आतां त्या एकतिसाव्या रुग्णाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या प्रारंभींहि मज्जारज्जु तुटलेले बहुतेक रुग्ण शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं मरत. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमन यांनीं अशा रुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनीं, रात्रींहि, रुग्णाची कूस बदलावयाची, हा तेथला नियम. रज्जु जुळला नाहीं. पण माणसें जगूं लागलीं. २९ जुलै १९४८ रोजीं तेथें १६ अपंग सैनिकांनीं धनुर्विद्येच्या सामन्यांत भाग घेतला, आणि त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक क्रीडा उदयास आल्या. १९६५ च्या युद्धांत पाठीच्या कण्यांत गोळी बसलेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. पपायरसच्या वैद्यानें अशा माणसाविषयीं काय लिहिलें असतें, तें आपणांस ठाऊक आहे.

या इतिहासाचा शेवटचा दुवा मात्र इस्पितळांत नाहीं, रस्त्यावर आहे. मणका मोडूनहि आंतला रज्जु शाबूत असूं शकतो. आणि धांवून आलेली चार दयाळू माणसें जखमीस हातपाय धरून उचलतात, तेव्हां मोडलेला मणका सरकून तोच रज्जु चिरडण्याची भीति असते. मान किंवा पाठ दुखणें, हातापायांस मुंग्या येणें, बधिरता, अवयव न हलणें, हीं चिन्हें दिसोत वा जखमी बेशुद्ध असो, कणा मोडला आहे असें धरून चालावें. आग वा वाहनांचा धोका नसेल तर त्यास आहे तेथेंच ठेवावें, डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरावें, पाणी पाजूं नये, १०८ किंवा ११२ या क्रमांकास कळवावें. वांति होऊं लागली तर मस्तक, मान व धड एका रेषेंत ठेवून, अनेकांनीं मिळून कुशीवर वळवावें. श्वास मात्र सर्वांत आधीं. तो बंद पडला असेल तर मानेच्या भीतीनें हात आंखडूं नये. सद्भावनेनें मदत करणारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलमानें संरक्षण दिलेलें आहे.

आणि जो उठून ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणतो, त्यालाहि वैद्याकडे न्यावें व पहिली रात्र एकटें ठेवूं नये. इजिप्तच्या वैद्याजवळ तिसरा निर्णय देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आज तो देण्याचा अधिकार रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणासहि नाहीं; स्थिर हातांनीं मान धरून वाट पाहणें, एवढें मात्र कोणालाहि करतां येतें.