ताणलेल्या रबराचे गणित

ताणलेल्या वा दाबलेल्या वस्तूत साठते ती स्थितिस्थापक ऊर्जा आणि गतीमुळे वस्तूला लाभते ती गतिज ऊर्जा. पहिलीचे दुसरीत रूपांतर कसे होते, हे साध्या गलोलीवरून पाहता येते.

स्प्रिंग जितकी ताणावी त्या प्रमाणात तिचे बल वाढते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडला. रबर तो काटेकोरपणे पाळत नाही. परंतु अंदाजापुरता तो चालतो.

समजा, गलोलीचे रबर २० सेंटिमीटर ताणले असता अखेरीस ६० न्यूटन, म्हणजे सुमारे सहा किलो वजन पेलण्याइतके बल लागले. ६० ला ०.२ मीटरने गुणून १२ ज्यूल असे उत्तर काढण्याचा मोह होतो आणि परीक्षेत गुण जातात ते येथेच. बल आरंभापासून ६० न्यूटन नव्हते. ते शून्यापासून वाढत गेले. म्हणून सरासरी ३० न्यूटन धरावयाचे आणि ऊर्जा येते ६ ज्यूल. सूत्रातला ‘अर्धा’ येतो तो असा. सूत्राने करावयाचे तर ६० भागिले ०.२, म्हणजे ३०० हा स्थिरांक. त्याच्या निम्म्यास ताणाच्या वर्गाने गुणावे. येथे सेंटिमीटरचे मीटर करावयाचे राहिले, तर उत्तर दहा हजार पटींनी चुकते!

आता खडा २० ग्रॅमचा घेऊ. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणून येणारी राशी. सर्व ६ ज्यूल खड्याला मिळाले तर त्याचा वेग सेकंदाला साडेचोवीस मीटर होईल. प्रत्यक्षात काही ऊर्जा रबर तापण्यात, काही रबरालाच गती देण्यात खर्ची पडते. त्यात एक तृतीयांश गेली असे मानले तरी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर उरतो. असा खडा डोळ्यावर बसला तर दृष्टी जाऊ शकते.

रबर दुप्पट ताणल्यास ऊर्जा चौपट होते, वेग मात्र दुप्पटच. रस्त्यावर हाच वर्ग उलट बाजूने भेटतो. एक हजार किलोच्या मोटारीची ऊर्जा ताशी ३६ किलोमीटर वेगाला ५० हजार ज्यूल, तर ७२ ला दोन लाख ज्यूल असते. ब्रेकना ती सारी उष्णतेत घालवावी लागते. ब्रेकचे बल तेच राहिले, तर पहिल्या वेगाला १० मीटरमध्ये थांबणारी गाडी दुसऱ्या वेगाला ४० मीटर घेते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.