प्रमादनिवेदन, परिचारिकांचे (वऱ्हाड)

औषधाची मात्रा चुकणे, एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्यास दिले जाणे, अशी रुग्णशुश्रूषेतील चूक परिचारिकेने आपण होऊन वरिष्ठांस लेखी कळविणे, म्हणजे प्रमादनिवेदन. परिचारिका त्यास कचरतात याचे कारण बहुधा त्यांच्या मनोदौर्बल्यात शोधले जाते; वस्तुतः ते त्या कागदाच्या पुढील प्रवासात आहे.

कार्यपद्धती : अमरावतीच्या इर्विन व डफरीन यांसारख्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिकेवर परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) आणि तिच्यावर अधिसेविका (मेट्रन) अशी श्रेणी असून, चूक ज्या दप्तरात कळवावयाची त्याच दप्तरातून कारणे दाखवा नोटीस निघते, खुलासा मागविला जातो व विभागीय चौकशीस प्रारंभ होतो, त्यामुळे निवेदन आणि गुन्ह्याची कबुली यांत भेद उरत नाही. रात्रपाळीत डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली मात्रा लेखी आदेशात उतरण्यापूर्वीच दिली गेलेली असेल, तर पुरावा म्हणून परिचारिकेपाशी केवळ स्वतःचा शब्द असतो.

कायदा : जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ अन्वये हयगयीने झालेल्या मृत्यूस सर्वांनाच कमाल २ वर्षे कारावास होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ही मर्यादा ५ वर्षांवर नेली आणि वैद्यकीय उपचार करताना घडलेल्या कृत्यापुरती २ वर्षांची सवलत नोंदणीकृत वैद्यक व्यवसायींस राखली. परंतु त्या संज्ञेची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ शी बांधलेली असल्याने परिचारिका तीत येत नाहीत. एकाच खाटेपाशी, एकाच चुकीत सहभागी असलेल्या दोघांपैकी कनिष्ठेस अधिक शिक्षेचे भय असावे, ही विसंगती गंभीर आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने दिलेले, कारवाईपूर्वी तज्ज्ञमत घेण्याचे संरक्षणही डॉक्टरांस अनुलक्षून आहे.

प्रकरणे : मे २०१७ मध्ये अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४ नवजात अर्भके दगावली व डॉक्टर आणि परिचारिका यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. लगोलग जाहीर झाली ती निलंबनाची कारवाई. अमेरिकेत नॅशव्हिल येथे २०१७ साली चुकीचे औषध दिल्याचे स्वतः कळविणारी परिचारिका २०२२ मध्ये फौजदारी न्यायालयात दोषी ठरली.

उपाय : चूक ऐकून घेणारे दप्तर शिक्षा करणाऱ्या दप्तरापासून वेगळे असावे. उदाहरणार्थ, अमेरिकेत विमानचालकांसाठी १९७६ पासून नासा ही संस्था अशी निवेदने स्वीकारते, नासास दंडाधिकार नाही, व निवेदकाचे नाव गोपनीय राहते.

अकोला : येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) व त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. चुकांचा विचार करताना अशा अध्यापन रुग्णालयातील परिचारिकांचे प्रमाणही पाहावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक अध्यापन रुग्णालयास ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतरत्र ५ मागे १ असे आहे.